वस्तरा, वीज आणि प्रकाश

गेल्या उन्हाळ्यात बी. ए.च्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. घरी तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. पाहायला आलेल्यांपैकी एका बाईंनी तिच्या हनुवटीवरचे केस पाहून, “एवढं काढून घ्या, मग बघू,” असे सुनावले होते. घरच्यांनी तिला अकोल्याला नेऊन लेसर करून आणायचे ठरवले होते. तिचा प्रश्न साधा होता : “मॅडम, लेसरने नेमकं होतं काय? भाजतं का?” मराठी शिकवणाऱ्या बाईजवळ याचे उत्तर नव्हते. पण त्याच आठवड्यात वर्गात आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे शिकवायच्या होत्या. त्यामुळे हा प्रश्न मला भौतिकशास्त्राकडे नेण्याआधी इतिहासाकडे घेऊन गेला.

‘स्त्री-पुरुष तुलना’ हे ताराबाईंचे पुस्तक 1882 साली पुण्यात छापले गेले. निमित्त होते सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. 1881 साली तिला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती कमी करण्यात आली. वृत्तपत्रांतून तमाम स्त्रीजातीवर झोड उठली, तेव्हा वऱ्हाडातल्या एका मराठा घरातली ही बाई लेखणी घेऊन उभी राहिली. त्या पुस्तकात ताराबाई विधवेच्या केशवपनाकडे वळतात. नवरा मेला की न्हावी येतो आणि डोक्यावरचे केस उतरवतो. ते कोणाच्या डोळ्यांना थंडावा मिळावा म्हणून, असे त्या पुरुषांनाच विचारतात. केस कोणाच्या डोक्यावर आहेत याहून ते कोणाच्या डोळ्यांत खुपतात, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

केशवपनाला धर्माचा आधार सांगितला जाई. त्याचा व्यवहार मात्र शुद्ध लौकिक होता. विधवा आकर्षक दिसू नये, म्हणजे घराण्याची अब्रू शाबूत राहील, असा तो हिशेब. एकदा वपन करून भागत नसे, कारण केस पुन्हा वाढतात. म्हणून न्हाव्यापुढे पुन्हा पुन्हा बसावे लागे आणि अपमानही तितक्याच वेळा नवा होई. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधल्या यमूवर बळजबरीने झालेले वपन दाखवले, तेव्हा वाचकांना ते अनोळखी वाटले नाही. घराघरांत ते घडत होते.

या इतिहासातले सर्वांत उजळ पान मात्र वस्तरा धरणाऱ्या हातांनी लिहिले. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले न्हावी एकत्र जमले आणि विधवांचे केशवपन करायचे नाही, असे त्यांनी ठरवले. लोखंडे हे सत्यशोधक, ‘दीनबंधू’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे संघटक. न्हाव्यांच्या दृष्टीने हा मिळकतीवर पाणी सोडण्याचा प्रश्न होता. तरीही, ज्यांना शास्त्रार्थ सांगण्याचा अधिकार नाकारला होता, त्यांनी शास्त्राचा अंमल करण्याचेच नाकारले. ‘आम्ही हे काम करणार नाही’ या वाक्याचे वजन त्या काळच्या कित्येक व्याख्यानांहून अधिक आहे.

याच सुमारास पश्चिमेत केस काढण्याचा इतिहास वेगळ्या वाटेने चालला होता. 1875 साली अमेरिकेतील सेंट लुईसचे नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी डोळ्यात वळून खुपणाऱ्या पापणीच्या केसाच्या मुळाशी सुई घालून वीज सोडली. मूळ नष्ट झाले आणि केस परत आला नाही. 1895 साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरील केसाळ डागावर ते सोडले. केस गळाले, पण त्वचेवर व्रण उमटले. तरीसुद्धा 1920च्या दशकात अमेरिकेतील सौंदर्यगृहांतून बायका चेहऱ्यावर क्ष-किरण घेत राहिल्या. पुढे कित्येकींना त्वचेचे विकार आणि कर्करोग झाले. येथे कोणी बळजबरी केलेली नव्हती. नितळ चेहऱ्याची अपेक्षा तेवढी होती.

1960 साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. काही वर्षांतच वैद्यांच्या ध्यानात आले, की हा प्रकाश काळ्या केसाला अधिक जाळतो. त्यामागचे तत्त्व 1983 साली अँडरसन आणि पॅरिश यांनी नेमके मांडले. लेसरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असतो. केसातले मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य तो शोषून घेते आणि तापते. उन्हात काळी छत्री पांढरीपेक्षा अधिक तापते, तसेच हे. ती उष्णता केसाच्या मुळाभोवतीच्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोचते आणि त्या निकामी होतात. मात्र किरणाचा झोत काही मिलिसेकंदांचाच ठेवावा लागतो. कातडीतले रंगद्रव्याचे सूक्ष्म कण झटपट निवतात, जाड केस उष्णता धरून राहतो. या फरकावरच सगळी विद्या उभी आहे.

म्हणून पांढऱ्या केसावर लेसर चालत नाही, कारण त्याला शोषायला रंगच नसतो. एका बैठकीतही भागत नाही. वाढीच्या अवस्थेतला केसच मुळाशी नीट जोडलेला असतो; बाकीचे त्या वेळी विश्रांतीत असतात. त्यामुळे काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका घ्याव्या लागतात. सावळ्या कातडीत मेलॅनिन अधिक असल्याने ती भाजण्याचे भय मोठे. तेथे 1064 नॅनोमीटरसारखी लांब तरंगलांबी वापरतात, कारण ती कातडीत कमी शोषली जाते आणि खोल जाते. शिवाय त्वचा थंड ठेवावी लागते. गोऱ्या कातडीसाठी बेतलेले यंत्र आपल्याकडे अडाण्याच्या हाती पडले, तर डाग राहतात. आणि जाहिरातीत काहीही म्हटलेले असो, वैद्यकशास्त्र ‘कायमचे निर्मूलन’ असे म्हणत नाही. ते ‘दीर्घकाळ टिकणारी घट’ एवढेच म्हणते.

या दोन इतिहासांची सरळ तुलना करणे अन्यायाचे होईल. विधवेचे केस तिला कुरूप करण्यासाठी काढले जात. आजच्या मुलीचे केस तिला सुंदर करण्यासाठी. एकीवर सक्ती होती, दुसरी स्वतः चालत जाते. शिवाय अंतःस्रावांच्या बिघाडाने ज्या स्त्रियांना चेहऱ्यावर दाट केस येतात, त्यांना लेसरने मिळणारा दिलासा खरा असतो. त्याला ‘पुरुषी नजरेची गुलामी’ म्हणून हिणवणे हा सुशिक्षितांचा उद्धटपणा झाला. पण ताराबाईंचा प्रश्न तेवढ्याने निकालात निघत नाही. केस कोणाच्या डोळ्यांत खुपतात? त्या मुलीने आरशात पाहून ठरवले असते तर उत्तर एक होते. पाहायला आलेल्या बाईंनी ठरवले, म्हणून ते बदलते.

मी तिला समजेल तेवढे सांगितले : थोडे चटके बसतात, पैसे बरेच लागतात, बैठका पुष्कळ होतात. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखव, पाळी अनियमित असेल तर तेही सांग, कारण हनुवटीवरचे केस कधी कधी आतल्या दुखण्याची खूण असतात. तिने सगळे वहीत उतरवून घेतले. मग म्हणाली, “मॅडम, पाळीबद्दल मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.”

ती अकोल्याला जाऊन आली, एवढे मला ठाऊक आहे. लेसर केले की नाही, हे मी विचारले नाही. परीक्षेत ताराबाईंवरचा प्रश्न मात्र तिने सोडवला होता.