कोंबडीने बांधून दिलेली शिदोरी

आजची गोष्ट अंड्याची आहे. पण जिमवाल्या प्रोटीनची नाही, बलकातल्या अँटिबॉडीची.

कोंबडीला एखाद्या जंतूची लागण झाली की तिच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. पिल्लू काही आईचं दूध पीत नाही. मग ती काय करते? अंडं घालायच्या आधीच त्या अँटिबॉडी बलकात भरून ठेवते. पिल्लासाठी शिदोरीच म्हणा ना!

ही शिदोरी दुसऱ्याच्याही कामी येते, हे १८९३ मध्ये फेलिक्स क्लेम्परर या जर्मन डॉक्टरने दाखवलं. त्याने कोंबड्यांमध्ये धनुर्वाताविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार केली, त्यांच्या अंड्यांचा बलक उंदरांना दिला आणि उंदीर वाचले.

इतका सोपा शोध, मग तो मागे का पडला? मला याचं मोठं कारण घोडा वाटतो. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी रक्तातल्या सीरमची ताकद दाखवली होती. घोड्याकडून एका वेळी काही लिटर रक्त मिळायचं. त्यापुढे अंड्याला कोण विचारणार? बलकातल्या अँटिबॉडीला ‘आयजीवाय’ हे नाव मिळायलाच १९६९ उजाडलं.

पुढे अंड्याचे दिवस आले. सुई टोचून रक्त काढण्यापेक्षा अंडी गोळा करणं कितीतरी सोपं. डुकरांच्या पिल्लांना ई. कोलायमुळे होणाऱ्या जुलाबांवर हा बलक वापरून पाहिला गेला. मग वेळ आली माणसाच्या लेकरांची. रोटाव्हायरसने लहान मुलांना इतके जुलाब होतात की अंगातलं पाणी संपून जीव जाऊ शकतो. ढाक्यातल्या आयसीडीडीआर,बी या संस्थेत अशा मुलांना ओआरएससोबत बलकातल्या अँटिबॉडी दिल्या गेल्या. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले: जुलाब थोडे कमी झाले, विष्ठेतून विषाणू लवकर गेला. फायदा झाला, पण बेताचाच.

असं का? एक तर जठरातलं आम्ल आणि पेप्सिन यातल्या बऱ्याच अँटिबॉडी मोडून टाकतात. उरतात त्या आतड्यात जंतूला धरतात, पण पेशीत शिरलेल्या विषाणूपर्यंत पोचत नाहीत. शिवाय ही ताकद उसनी! देणं थांबलं की संपली. लस मात्र शरीरालाच लढायला शिकवते. म्हणूनच आज रोटाव्हायरसवर भरवसा लसीचा आहे, आणि त्यातली एक, रोटासिल, आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची आहे.

आता एक नीट ऐका. हे ऐकून कुणी कच्चं अंडं प्यायला जाऊ नका! त्या कोंबड्यांना ठरावीक जंतूविरुद्ध मुद्दाम तयार केलेलं असतं, बाजारातल्या अंड्यात ते नसतं. उलट कच्च्या अंड्यातून साल्मोनेला पोटात जाऊ शकतो. आणि अंडं उकडलं की उष्णतेने अँटिबॉडी निकामी होतात. घरात बाळाला जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांकडे न्या. अंडं खा की, पण भूक लागली म्हणून!