प्लेगच्या वर्षांतील क्रूस: मुंबईच्या गावठणांतील सामुदायिक प्रार्थना

मुंबई आणि साष्टी बेटावरील जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत, म्हणजे वांद्र्याच्या रानवार, चुईम, पाली यांसारख्या गावठणांत किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीत, गल्लीच्या वळणावर चौथऱ्यावर उभारलेले क्रूस आजही दिसतात. त्यांतील अनेक क्रूस 1896 नंतरच्या दशकात, प्लेगच्या साथीच्या छायेत उभे राहिले, आणि म्हणूनच ते ‘प्लेग क्रूस’ या नावाने ओळखले जातात. संकटातून वाचण्यासाठी केलेली विनवणी आणि वाचल्याबद्दलची कृतज्ञता या दोन्हींची ती स्मारके आहेत. परंतु भयाने ग्रासलेल्या वस्तीने प्रार्थनेच्या आधारे मन कसे स्थिर ठेवले, याचा पुरावा म्हणून त्यांचे मोल त्याहून मोठे आहे.

हे क्रूस उभारणारा समाज प्रामुख्याने ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा होता. 1534 मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यानंतर उत्तर कोकणातील ज्या शेतकरी, कोळी आणि कारागीर कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या वंशजांनी 1887 मध्ये हे नाव धारण केले. त्यांची घरची भाषा मात्र मराठीचीच एक बोली राहिली. क्रूसापुढे नतमस्तक होण्याची रीत त्यांच्यात जुनीच होती. वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारातील, एकाच दगडातून घडवलेला सुमारे 17 फूट उंचीचा क्रूस त्याची साक्ष देतो. येशूच्या दुःखसहनाची चिन्हे त्याच्या अंगावर कोरलेली आहेत. प्लेगने ही रीत चर्चच्या आवारातून घराच्या उंबरठ्याजवळ आणली.

सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि पुढच्या काही महिन्यांत, 1891 च्या शिरगणतीनुसार सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरातून लोक लाखोंच्या संख्येने बाहेर पडले. रोग पिसवांमार्फत पसरतो हे तेव्हा निश्चित ठाऊक नव्हते, त्यामुळे हवा, पाणी, कपडे, शेजारी यांपैकी कशापासून दूर राहावे हेच कुणाला कळत नव्हते. त्यातच 1897 च्या साथरोग कायद्याने अधिकाऱ्यांना व्यापक अधिकार मिळाले. घरांची झडती, रुग्णांना सक्तीने हलवणे, सामानाची जाळपोळ हे नित्याचे झाले. काखेत किंवा जांघेत गाठ येण्याची धास्ती आणि घरातले माणूस उचलून नेले जाण्याची धास्ती अशा दुहेरी काळजीत त्या काळचे मुंबईकर दिवस काढत होते.

अशा वेळी क्रूसापाशी जी प्रार्थना होई, तिची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. तिचा गाभा म्हणजे जपमाळ, जिला कोकणी आणि गोव्याशी संबंध असलेल्या ख्रिस्ती घरांत ‘तेर्स’ म्हणतात. मण्यांच्या माळेवर मरियेला उद्देशून केलेली विनवणी दहा-दहाच्या पाच संचांत म्हटली जाते, आणि प्रत्येक संचासोबत येशूच्या जीवनातील एका प्रसंगाचे मनन केले जाते. एकाने प्रार्थनेचा पूर्वार्ध म्हणावा आणि बाकीच्यांनी उत्तरार्धाने साथ द्यावी, असा तिचा क्रम असतो. शेवटी ‘लादाइन’ म्हणजे संतांच्या आणि मरियेच्या बिरुदांची मालिका येते, जिच्या प्रत्येक बिरुदानंतर जमाव एकच विनवणी पुन्हा पुन्हा म्हणतो. या सगळ्यासाठी धर्मगुरूची आवश्यकता नसते, पुस्तक नसले तरी चालते, आणि अक्षरओळख नसलेली आजीही ती चालवू शकते. काळजीने शब्द सुचेनासे झालेल्या माणसाला येथे तयार शब्द मिळतात, थरथरणाऱ्या बोटांना धरायला मणी मिळतो, आणि आवाज अडखळला तर शेजाऱ्याचा आवाज प्रार्थना पुढे नेतो. एकट्याच्या मनात रात्रभर फिरत राहणारी चिंता अशा रीतीने सर्वांच्या तोंडून, ठरावीक वेळी, ठरावीक लयीत देवापुढे ठेवली जाते.

या शांतीचे स्वरूप मात्र नीट समजून घेतले पाहिजे. प्रार्थना केल्यावर प्लेग टळला, असा सरसकट दावा इतिहासाला करता येत नाही, कारण प्रार्थना करणाऱ्या घरांतूनही माणसे गेली. ख्रिस्ती श्रद्धेतही प्रार्थना म्हणजे मागितलेले मिळवण्याची हमी नव्हे. शुभवर्तमानातील वृत्तान्तानुसार, अटकेच्या आधीच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने स्वतः व्याकूळ होऊन, पुढे ठाकलेले दुःख टळावे अशी विनवणी केली आणि त्याच प्रार्थनेत पित्याच्या इच्छेला स्वतःला स्वाधीन केले. दुःख टळले नाही, परंतु तो स्थिर मनाने त्याला सामोरा गेला. क्रूस हे त्याच प्रसंगाच्या परिणतीचे चिन्ह आहे. त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारणाऱ्या माणसांनी देवाकडे संरक्षण मागितले, आणि संरक्षण मिळाले नाही तरी देव दुःखात सोबत असतो हा विश्वासही त्याच दगडात रोवला. काळजी झटकून टाकण्यापेक्षा ती विश्वासाने सोपवणे, हा या शांतीचा अर्थ आहे.

पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्लेग आयोगाच्या मुंबईतील संशोधनाने उंदीर आणि पिसवा यांचा दुवा पक्का केला, आणि कालांतराने साथही ओसरली. क्रूसांपुढची प्रार्थना मात्र टिकली. मे महिन्यात चौथरा धुतला जातो, क्रूसाला झेंडूच्या माळा घातल्या जातात, संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात तेर्स आणि लादाइन होते आणि शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. अनेक चौथऱ्यांवर वर्ष आणि उभारणाऱ्या कुटुंबाचे नाव कोरलेले असते. त्या कुटुंबांना ज्या भयाने तेथे उभे केले, ते भय आता उरलेले नाही. तरी प्रत्येक पिढी आपापली काळजी, मग ती आजारपणाची असो, नोकरीची असो वा परदेशी गेलेल्या मुलाची, घेऊन त्याच दगडापाशी येते आणि शेजाऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळते.