तापलेला समुद्र, सोयाबीन आणि पाळीव सॅल्मन

बंगाल किंवा ओडिशातील तळ्यात रोहू वाढवणारा शेतकरी माशांना मोहरीची वा शेंगदाण्याची पेंड आणि तांदळाचा कोंडा घालतो. रोहू उष्ण पाण्यातला मासा आहे आणि वनस्पतिज खाद्य त्याला परके नाही. म्हणून ‘माशाला पेंड’ यात तुम्हाला नवल वाटणार नाही. पण थंड पाण्यातल्या मांसाहारी सॅल्मनलाही आज मुख्यतः वनस्पतिज खाद्यच मिळते. हा बदल कसा घडला, हे आपण येथे पाहू.

१९७० मध्ये नॉर्वेतील हित्रा बेटाजवळ ग्रॉन्टवेट बंधूंनी समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यांत सॅल्मन वाढवायला सुरुवात केली. आखाती प्रवाहामुळे हा किनारा त्या अक्षांशाच्या मानाने उबदार असतो, आणि ते सॅल्मनच्या फायद्याचे ठरले. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. पाणी उबदार झाले की पचन व वाढ वेगाने होते, पण ती एका मर्यादेपर्यंतच. समुद्रातील सॅल्मन साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो. पाणी १८ अंशांच्या पुढे गेले की त्याची भूक मंदावते. कारण समजून घ्या: तापमानाबरोबर शरीराची प्राणवायूची गरज वाढते, पण पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. गोड्या पाण्यात १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना सुमारे ९. खाल्लेले पचवायलाही प्राणवायू लागतोच.

आता पेरूकडे वळू, कारण माशांच्या खाद्यातील फिशमील, म्हणजे मासळी शिजवून, वाळवून केलेली भुकटी, मोठ्या प्रमाणावर तिथून येत असे. १९७० मध्ये पेरूने अँचोव्ही या लहान माशाची सुमारे १.२ कोटी टन मासेमारी केली. १९७२-७३ च्या एल निनोने किनाऱ्याचे पाणी तापले आणि खालून वर येणारे थंड, पोषक पाणी कमी झाले. बेसुमार मासेमारी आधीच चालू होती. १९७३ मध्ये पकड २० लाख टनांच्या आसपास उरली. त्या काळी बहुतेक फिशमील कोंबड्या व डुकरांच्या खाद्यात जाई, त्यामुळे मागणी सोयाबीनकडे वळली. भाव भडकले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी थोडाच काळ टिकली, पण सोयाबीनसाठी अमेरिकेवर विसंबलेल्या जपानने धडा घेतला आणि पुढे ब्राझीलच्या सेराडो प्रदेशातील शेतीत पैसा ओतला. माझ्या मते सॅल्मनच्या आजच्या आहाराची कथा खरी इथून सुरू होते. पुढे ब्राझीलच्या सोयाबीनपासून काढलेली प्रथिने नॉर्वेतील पिंजऱ्यांपर्यंत पोहोचली.

मात्र सॅल्मनपालनात हा बदल सावकाश आला. १९९० मध्ये नॉर्वेच्या सॅल्मन खाद्यात सुमारे ६५ टक्के फिशमील आणि २४ टक्के मासळीचे तेल होते. २०१३ पर्यंत ही प्रमाणे अनुक्रमे १८ व ११ टक्क्यांच्या आसपास आली. मधल्या काळात अडचण निघाली ती आतड्यात. साधी सोयापेंड दिलेल्या सॅल्मनच्या आतड्याच्या मागच्या भागाला सूज येते, अन्नशोषण बिघडते आणि वाढ खुंटते. यामागे मुख्यतः सॅपोनिन आहेत, म्हणजे ज्यांच्यामुळे रिठ्याला फेस येतो त्याच वर्गातली द्रव्ये. म्हणून सोयाबीनमधून अल्कोहोलच्या साहाय्याने सॅपोनिन काढून उरलेले प्रथिन वापरले जाऊ लागले. वाढीचा प्रश्न बराच सुटला. पण मासळीच्या तेलाऐवजी मोहरीच्या कुळातील रेपसीडचे तेल आले, आणि त्यात ईपीए, डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले नसतात. स्कॉटलंडच्या पाळीव सॅल्मनमधील त्यांचे प्रमाण २००६ ते २०१५ या काळात जवळपास निम्मे झाले. मासा पूर्वीइतकाच मोठा होतो, पण खाणाऱ्याच्या ताटात पूर्वीइतके ओमेगा-३ पडत नाही.

हे सारे साधले ते थंड पाण्यात. टास्मानियात १९८० च्या दशकात सुरू झालेले सॅल्मनपालन उन्हाळ्यात मुळातच १८ अंशांच्या काठावर असते. २०१५-१६ मध्ये तिथल्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्री उष्णतेची लाट २५१ दिवस टिकली, आणि एका टप्प्यावर पाणी सरासरीपेक्षा २.९ अंशांनी तापले होते. सॅल्मनच्या वाढीला त्याचा फटका बसला. भूक मेलेल्या माशापुढे फिशमील टाका की सोयाबीनचे प्रथिन, बरेचसे खाद्य जाळीतून तळाला जाते.