थ्री नॉट थ्रीचं पितळ

अंबरनाथचा आयुधनिर्माणी कारखाना 1953 साली सुरू झाला. आनंदनगर एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना तो ‘ऑर्डनन्स’ म्हणूनच ठाऊक. पितळ आणि ॲल्युमिनियम हे तिथले मुख्य धातू. बंदुकीबद्दल बोलताना आपण नळी न्याहाळतो, दस्ता न्याहाळतो. ब्रिटिश फौजेची रायफल मात्र काडतुसाच्या पितळाच्या जोरावर सुधारत गेली.

1853च्या एनफिल्डचं काडतूस कागदी होतं. शिपायानं ते दातांनी फाडायचं, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, मग गोळी गजानं ठासायची. त्या काडतुसाच्या चरबीनं 1857चा उठाव कसा पेटला ते आपण जाणतोच. 1866मध्ये त्याच एनफिल्डचा मागचा भाग कापून स्नायडरची झडप बसवली आणि पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेलं बॉक्सरचं काडतूस आलं. पुढे 1871च्या मार्टिनी-हेन्रीत ही गुंडाळी तापलेल्या नळीत अडकू लागली.

उपाय होता अखंड पितळाचा. पितळी चकतीची वाटी करायची, ती साच्यातून ओढत लांबवायची, कडक झाली की भट्टीत नरम करून पुन्हा ओढायची. बार उडताच हे टरफल फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसतं, वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की आक्रसून सुटतं. मला सगळ्या रायफलीत हीच करामत सर्वांत मोठी वाटते.

1888च्या ली-मेटफर्डमध्ये हे काडतूस आलं, 0.303 इंचाचं, म्हणजेच थ्री नॉट थ्री. बोल्ट आणि मॅगझिन जेम्स पॅरिस ली यांचं. बिनधुराच्या कॉर्डाइट दारूच्या उष्णतेनं मेटफर्डचे नळीतले उथळ आटे झिजू लागले, म्हणून 1895मध्ये खोल आट्यांची ली-एनफिल्ड आली. 1907चा तिचा दहा गोळ्यांचा मार्क तीन पुढे बंगालात ईशापूरला बनू लागला. काडतुसं आपल्या खडकीतही बनली.

1857नंतर हिंदी शिपायाला गोऱ्या सोल्जरपेक्षा एक पिढी जुनं हत्यार देण्याची रीत इंग्रजांनी पाडली. स्वतंत्र भारतात लष्कर पुढच्या रायफलींकडे वळलं आणि थ्री नॉट थ्री पोलिसांकडे राहिली. 26 नोव्हेंबर 2008च्या रात्री मुंबईत सीएसटीच्या फलाटावर दहशतवाद्यांच्या एके-47शी तिची गाठ पडली. रायफल भरवशाची होती, पण पोलिसांच्या हातून ती कित्येक वर्षं आधीच परत घ्यायला हवी होती.