मक्याची लागवड, खत आणि उत्पन्न : अमेरिकेतील एका स्थित्यंतराचा विचार

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मक्याचे एकरी सरासरी उत्पन्न १८६६ पासून १९३६ पर्यंत सुमारे २६ बुशेलांच्या आसपास घुटमळत राहिले. (मक्याचा एक बुशेल म्हणजे ५६ पौंड.) पुढे ते चढत जाऊन २०१४ साली १७१ बुशेलांवर पोचले. या वाढीचे श्रेय बहुधा संकरित बियाण्यास दिले जाते. ते निराधार नसले तरी अपुरे आहे, हे लागवडीच्या पद्धतींचा इतिहास पाहिल्यास ध्यानात येते.

एकोणिसाव्या शतकात इलिनॉय व आयोवा या प्रांतांत मका चौफुलीवर लावीत. जॉर्ज ब्राउन याने १८५३ साली पेटंट घेतलेल्या दोन ओळींच्या पेरणीयंत्रावर एक मनुष्य बसे व आडव्या खुणेवर येताच दांडा ओढून दाणे टाकी. पुढे शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाठी मारलेली तार ताणण्याची युक्ती निघाली. प्रत्येक गाठीसरशी यंत्र आपोआप दाणे सोडू लागले. दोन ठोंबांतील अंतर ४० ते ४२ इंच असे. हे अंतर मक्याच्या गरजेवरून ठरलेले नव्हते. ओळींमधून घोडा चालला पाहिजे आणि तण काढण्यासाठी उभी-आडवी कोळपणी करता आली पाहिजे, एवढेच त्यामागील कारण होय. ४२ इंचांच्या चौफुलीत एकरी सुमारे ३,५५६ ठोंब बसतात. ठोंबास तीन ताटे धरली तरी संख्या पावणेअकरा हजारांच्या आतच राहते. म्हणजे पिकाच्या दाटीची मर्यादा पाऊण शतक घोड्याच्या अंगाने ठरविली, असे म्हणावयास हरकत नाही.

दाट पेरणी कोणास सुचली नसेल असे नव्हे. परंतु जुन्या वाणांत दाटी केल्यास पुष्कळ ताटे वांझ राहत, आणि नत्र अधिक मिळाल्यास पीक उंच वाढून लोळे. जमिनीतील नत्रही मुख्यतः शेणखत आणि क्लोव्हरच्या बेवडावर अवलंबून असे. शल यांचे १९०८ मधील संशोधन व जोन्स यांनी सुचविलेला दुहेरी संकर यांतून निघालेले बियाणे १९३० नंतर झपाट्याने पसरले. आयोवात दहा-बारा वर्षांत जवळजवळ सर्व क्षेत्र त्याखाली आले. त्याची ताटे ताठ उभी राहत. यानंतर दुसऱ्या महायुद्धात स्फोटकांसाठी उभारलेले अमोनियाचे कारखाने खताकडे वळले आणि नत्र स्वस्त झाले. त्याच सुमारास २,४-डी हे तणनाशक आले, आडव्या कोळपणीची गरज सरली, आणि गाठींची तार अडगळीत गेली. ओळी ३० इंचांवर आल्या. ताटांची संख्या कालांतराने एकरी ३० हजारांच्या घरात पोचली.

डोनल्ड डुविक यांनी निरनिराळ्या दशकांतील संकरित वाण शेजारी शेजारी लावून पाहिले. विरळ लागवडीत नव्या वाणाचे एकेक ताट जुन्यापेक्षा फारसे अधिक देत नाही. नव्याचे सामर्थ्य दाटी सोसण्यात आहे. यास्तव बियाण्याचे इतके, खताचे इतके, अशी वाटणी करू पाहणारी गणिते मुळातच डळमळीत ठरतात. दाटीवाचून नवे वाण व्यर्थ आणि नत्रावाचून दाटी व्यर्थ!

अर्बाना येथील इलिनॉय विद्यापीठाच्या ‘मॉरो’ वाफ्यांत हे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. १८७६ पासून तेथील एका वाफ्यात दरवर्षी मकाच होतो. (त्यांवर सावली पडू नये म्हणून १९६९ मध्ये शेजारचे ग्रंथालय जमिनीखाली बांधले गेले, यावरून त्यांची प्रतिष्ठा कळावी.) १९०४ पासून काही भागास शेणखत, चुना व स्फुरद मिळू लागले, १९५५ मध्ये तोवर उपाशी ठेवलेल्या जमिनीच्या एका भागास नत्र, स्फुरद व पालाश देताच तिचे उत्पन्न अल्पावधीत वर आले. झिजलेली जमीन खताने पुन्हा पिकते, हा धडा त्या काळच्या शेतकऱ्यांनी लगेच उचलला. मात्र पिकाने न उचललेले नत्र निचऱ्याच्या नळांवाटे मिसिसिपी नदीत जाते. तिच्या मुखाशी मेक्सिकोच्या आखातात उन्हाळ्यात प्राणवायूविरहित होणाऱ्या पट्ट्याची मोजणी १९८५ पासून होत आहे. मॉरो वाफ्यांतील बिनखताच्या तुकड्यात आजही संकरित मकाच पेरला जातो, आणि त्याची कणसे शेजारच्या खतावलेल्या मक्यापुढे खुजीच राहतात.