अस्सल आणि विश्वसनीय : परफॉर्मन्स पिस्टनच्या पारखीचा इतिहास

प्रस्तावना

इतिहास-संशोधकाच्या हाती एखादा जुना कागद आला म्हणजे त्याला दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. हा कागद ज्याचा म्हणून सांगितला जातो त्याचाच आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि त्यात लिहिलेले खरे मानावे काय, हा दुसरा. पहिल्या शोधाला बाह्य परीक्षण व दुसऱ्याला अंतर्गत परीक्षण म्हणतात. लांग्ल्वा व सेन्योबो या फ्रेंच इतिहासकारांनी या पद्धतीची शिस्तबद्ध मांडणी १८९८ साली केली. त्याच वर्षी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. अस्सल कागदात खोटा मजकूर असू शकतो आणि नकलेत खरा मजकूर असू शकतो. म्हणून हे दोन प्रश्न परस्परांपासून वेगळे ठेवावे लागतात.

प्रस्तुत लेखात हीच कसोटी एका यंत्रभागाला लावून पाहावयाची आहे. मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढवू इच्छिणारे लोक मूळ उत्पादकाचे पिस्टन काढून स्वतंत्र कारखान्यांनी बनविलेले, अधिक भार सोसणारे पिस्टन बसवितात. बाजारात त्यांना परफॉर्मन्स पिस्टन म्हणतात. अशा पिस्टनचे मूळ व गुणवत्ता यांची खात्री कशी केली गेली आणि कशी करावी, हा या लेखाचा विषय आहे. पिस्टनवरील नाममुद्रा हा खात्रीचा आरंभ आहे, शेवट नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे.

पिस्टनवर येणारा भार

या चिकित्सेची गरज किती आहे हे एका साध्या गणिताने कळते. ८६ मिलिमीटर स्ट्रोक असलेले इंजिन मिनिटाला ८००० फेरे घेत असेल, तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर होतो आणि प्रत्येक सेकंदात तो सुमारे २६६ वेळा थांबून दिशा बदलतो. कनेक्टिंग रॉडची लांबी १४३ मिलिमीटर धरली, तर वरच्या टोकाशी त्याचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ४००० पट होते. ४०० ग्रॅम वजनाचा पिस्टन त्या क्षणी गजन पिनेला दीड टनाहून अधिक बळाने ओढतो. ज्वलनाचा दाब आणि उष्णता यांची भर वेगळीच. असा पिस्टन फुटला तर त्याच्या तुकड्यांनी सिलिंडर, व्हॉल्व्ह व कनेक्टिंग रॉड यांचाही नाश होऊ शकतो आणि धावत्या वाहनातील माणसांचा जीव धोक्यात येतो.

नावाची साक्ष : १९१३ ते १९१८

विसाव्या शतकाच्या आरंभी पिस्टन सामान्यतः ओतीव लोखंडाचे असत. लंडनमध्ये डी. एफ. पी. या फ्रेंच मोटारींची विक्री करणारे डब्ल्यू. ओ. बेंटली १९१३ साली त्या कंपनीच्या कारखान्यात गेले असता तेथील कार्यालयात त्यांना ॲल्युमिनियमचे एक कागददाब दिसले. या हलक्या धातूचे पिस्टन का करू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला. ८८ टक्के ॲल्युमिनियम व १२ टक्के तांबे अशा मिश्रधातूचे पिस्टन त्यांनी बनवून घेतले. हे पिस्टन बसविलेल्या डी. एफ. पी. मोटारीने १९१३ व १९१४ मध्ये ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर अनेक विक्रम केले.

येथे गुणवत्तेची साक्ष दोन गोष्टी देत होत्या : बनवून घेणाऱ्याचे नाव आणि धावपट्टीवरील घड्याळ. पहिल्या महायुद्धात बेंटली यांनी हे ज्ञान नौदलाच्या विमानविभागाला दिले व तेथून ते इंजिन बनविणाऱ्या कंपन्यांपर्यंत पोहोचले. त्यांनी स्वतः रचलेल्या बी. आर. १ या विमान-इंजिनातही ॲल्युमिनियमचे पिस्टन होते. परंतु विमानाच्या बाबतीत केवळ नाव पुरेसे नव्हते. ब्रिटनमध्ये १९१३ च्या अखेरीस एरोनॉटिकल इन्स्पेक्शन डिपार्टमेंट स्थापन झाले होते. त्याचे निरीक्षक भाग तपासत आणि मान्य भागांवर आपला ठसा उमटवीत. कारखानदाराच्या नावाशेजारी तिऱ्हाइताची मुद्रा येऊन बसली, हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय.

मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित नाही. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपल्यावर मोर्तब होई. शिक्का पत्र कोणाचे हे सांगे. मोर्तब मजकूर कोठे संपला हे सांगे, म्हणजे मागाहून कोणी ओळ घुसडू नये. मुद्रेला अर्थ होता तो तिच्यामागील दप्तर आणि कारभार यांमुळे.

मिश्रधातूंची वंशावळ

आजचे परफॉर्मन्स पिस्टन प्रामुख्याने दोन घराण्यांतील मिश्रधातूंचे असतात. पहिले घराणे तांबे-निकेल-मॅग्नेशियमचे. महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत 'वाय' नावाचा मिश्रधातू विकसित झाला. त्यात सुमारे ४ टक्के तांबे, २ टक्के निकेल व १.५ टक्के मॅग्नेशियम असे. तापल्यावरही बळ टिकवून धरणे हा त्याचा गुण होता. पुढे रोल्स-रॉइसने 'आर. आर.' मालिकेचे मिश्रधातू निर्माण केले. दुसऱ्या महायुद्धातील मर्लिन इंजिनाचे घडीव पिस्टन याच मालिकेतील आर. आर. ५९ चे होते. याच मालिकेतील आर. आर. ५८ पुढे काँकॉर्ड विमानाच्या सांगाड्यासाठी वापरला गेला. अमेरिकेच्या ॲल्युमिनियम असोसिएशनने १९५४ साली स्वीकारलेल्या चार-अंकी पद्धतीत त्याचा जवळचा भाऊबंद २६१८ या क्रमांकाने ओळखला जातो.

दुसरे घराणे सिलिकॉनचे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे लोखंडी सिलिंडरमध्ये आरंभीचे ॲल्युमिनियम पिस्टन थंड असताना खडखडत आणि तापल्यावर अडकत. सिलिकॉन मिसळल्याने प्रसरण कमी होते व झीजही कमी होते. मात्र अशा मिश्रधातूची कणरचना ठिसूळ राही. १९२० च्या सुमारास आलाडार पाक्झ यांनी सोडियमच्या क्षाराने वितळलेल्या रसावर प्रक्रिया करून ती सूक्ष्म करण्याचा मार्ग शोधला. या घराण्यातील घडीव पिस्टनसाठीचा आजचा मिश्रधातू ४०३२. त्यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते, तर २६१८ मध्ये ते नाममात्र असते.

ही वंशावळ केवळ कुतूहलाची नाही. २६१८ अधिक चिवट आहे, पण अधिक फुगतो. ८६ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचा स्कर्ट १५० अंश सेल्सिअसने तापला, तर दोहोंच्या प्रसरणात सुमारे ०.०४ मिलिमीटरचा फरक पडतो. सिलिंडर व पिस्टन यांमध्ये ठेवावयाचा क्लिअरन्सच काही शतांश मिलिमीटरांचा असल्याने हा फरक निर्णायक ठरतो. डब्यावर ४०३२ लिहून आत २६१८ चा पिस्टन दिला, तर तो धातू म्हणून उत्तम असूनही इंजिन अडकवू शकतो. येथे दोष धातूचा नसतो, खोट्या ओळखीचा असतो.

नावाचे हस्तांतर आणि खुणेची मर्यादा

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या सरोवरांवर जुन्या मोटारी सुधारून पळविणाऱ्या तरुणांची संख्या वाढली आणि त्यांना भाग पुरविणारा छोट्या कारखान्यांचा उद्योग उभा राहिला. प्रारंभी ग्राहक आणि कारागीर एकमेकांना ओळखत. पारख समोरासमोर होई. १९६३ साली या उत्पादकांची सेमा ही संघटना स्थापन झाली, ती बाजार ओळखीपलीकडे गेल्याची खूण होती. त्यातूनच १९७८ मध्ये वेगळ्या झालेल्या एस. एफ. आय. संस्थेने शर्यतीच्या साधनांची मानके प्रसिद्ध केली. फ्लायव्हील, क्लच यांसारखे, फुटल्यास बाहेर उडून माणसाला इजा करणारे भाग त्यांत ठळकपणे आढळतात. पिस्टनची पारख मात्र मुख्यतः घेणाऱ्यावर राहिली.

दरम्यान नावांचे मालक बदलत गेले. ब्रॅडफर्ड येथील हेपवर्थ अँड ग्रँडेज या कंपनीचे 'हेपोलाइट' पिस्टन ब्रिटनमध्ये प्रसिद्ध होते. ती कंपनी असोसिएटेड इंजिनिअरिंग समूहात गेली. तो समूह १९८६ मध्ये टर्नर अँड न्यूऑलकडे, ती कंपनी १९९८ मध्ये फेडरल-मोगलकडे आणि फेडरल-मोगल २०१८ मध्ये टेनेकोकडे गेली. यात फसवणूक कोठेही नाही. परंतु नाव तेच असले म्हणजे भट्टी, साचा आणि तपासनीस तेच असतील, असे अनुमान इतिहासाच्या अभ्यासकाने करू नये. नाव हा वारसा असतो. कारागिरीचा पुरावा वेगळा मागावा लागतो.

खूण खोटी असेल तर काय होते, याचे उदाहरण पिस्टनच्या शेजारच्याच भागात, बोल्टमध्ये, सापडते. १९८० च्या दशकात अमेरिकेत आयात झालेल्या अनेक बोल्टांच्या माथ्यावर आठव्या श्रेणीची सहा रेषांची खूण होती; धातू मात्र ८.२ श्रेणीचे, बोरॉनयुक्त व उच्च तापमानाला लवकर बळ गमावणारे पोलाद होते. सामान्य तापमानाला केलेल्या चाचणीत हा भेद सहज दिसत नसे. अखेर १९९० साली फास्टनर क्वालिटी ॲक्ट संमत झाला. खुणेवरील विश्वास इतका ढळला होता की तो सावरण्यासाठी कायदा करावा लागला.

धातूची साक्ष

अंतर्गत परीक्षणात वस्तूलाच बोलते करावयाचे असते. त्याची साधने वेगवेगळ्या काळांत निर्माण झाली आणि प्रत्येकाच्या साक्षीला मर्यादा आहे.

सर्वांत जुने साधन आर्किमिडीजचे. २६१८ ची घनता सुमारे २.७६ आणि ४०३२ ची सुमारे २.६८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. ४०० ग्रॅमचा पिस्टन पहिल्या धातूचा असल्यास सुमारे १४५ घन सेंटिमीटर पाणी सारतो, दुसऱ्याचा असल्यास १४९. रिंगा व पिन काढून, अडकलेली हवा घालवून काळजीपूर्वक मोजले, तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही हा भेद ओळखता येतो. मिश्रणाचे नेमके प्रमाण मात्र वर्णपटमापकाने कळते; किर्खोफ व बुन्सेन यांनी १८६० च्या सुमारास पाया घातलेल्या वर्णपट-विश्लेषणाचे हे आजचे रूप. हातात धरून वापरावयाच्या क्ष-किरण उपकरणांना हलकी मूलद्रव्ये टिपणे अवघड जाते, म्हणून सिलिकॉनसाठी स्पार्क पद्धती अधिक भरवशाची.

परंतु मिश्रण बरोबर असणे म्हणजे पिस्टन बरोबर असणे नव्हे. आल्फ्रेड व्हिल्म यांना १९०६ साली आढळले की तापवून एकदम थंड केलेला विशिष्ट ॲल्युमिनियम मिश्रधातू नुसता ठेवल्यावर काही दिवसांत कठीण होतो. तेव्हापासून हीट ट्रीटमेंट हा या धातूंच्या बळाचा अदृश्य आधार आहे. ती नीट झाली की नाही हे मिश्रणाच्या विश्लेषणात दिसत नाही. ब्रिनेल यांच्या १९०० च्या कठिणता-चाचणीत दिसते. उलट योग्य रीतीने तयार केलेल्या २६१८ व ४०३२ ची कठिणता १२० ब्रिनेलच्या आसपास, एकमेकांच्या इतकी जवळ असते की त्या चाचणीने धातूचे घराणे ओळखता येत नाही. म्हणजे एका साक्षीदाराला जे ठाऊक नाही ते दुसऱ्याला विचारावे लागते. वापरलेल्या पिस्टनच्या बाबतीत तर कठिणता रोजनिशीचे काम करते : अतितापाने धातू मऊ पडतो आणि तो कोठे किती तापला होता, याची नोंद त्यातच राहते.

आकाराची साक्षही घ्यावी लागते. चांगला पिस्टन गोल नसून किंचित लंबवर्तुळाकार व पिंपासारखा असतो. उत्पादकाने सांगितलेल्या उंचीवरच त्याचा व्यास मोजावयाचा असतो. संचातील वजने, रिंगांच्या खाचा आणि पिनेचे छिद्र यांतील सुसंगती कारखान्याची शिस्त दाखविते. घडीव म्हणून विकलेला पिस्टन ओतीव आहे काय, हे एक नग कापून, घासून, आम्लाने खोदून पाहिल्यास धातूच्या प्रवाहरेषांवरून कळते. त्यासाठी एक पिस्टन गमवावा लागतो.

दाखल्यांची साखळी

या सर्व चाचण्या गुणवत्तेबद्दल बोलतात, मुळाबद्दल नाही. दुसऱ्या कारखान्याने योग्य धातूचा, योग्य मापाचा पिस्टन बनवून त्यावर परक्याचे नाव कोरले, तर प्रयोगशाळा त्याला उत्तीर्ण करील. मूळ सिद्ध होते ते साखळीने : धातूच्या वितळण्याचा क्रमांक, तुकडीचा क्रमांक, तपासणीचा दाखला, विक्रेत्याची पावती. युरोपीय मानक ई. एन. १०२०४ मधील ३.१ प्रकारच्या दाखल्यावर उत्पादन-विभागाहून स्वतंत्र अशा तपासणी-प्रतिनिधीची सही लागते. १९१३ च्या निरीक्षकाचा ठसा येथे कागदावर आला आहे. मात्र छापील कागद, होलोग्राम व क्यूआर कोड यांचीही नक्कल होते. म्हणून दाखला हाती घेऊन थांबू नये. त्यावरील क्रमांक उत्पादकाच्या स्वतःच्या नोंदीशी ताडून पाहावा. दप्तराशी न ताडलेली सनद ही केवळ सनदेसारखी दिसणारी वस्तू होय.

निष्कर्ष

१) मूळ आणि गुणवत्ता हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. अस्सल कारखान्याची एखादी तुकडी सदोष निघू शकते आणि नकली पिस्टन एखादी चाचणी पार करू शकतो. एकाचे उत्तर दुसऱ्यासाठी वापरता येत नाही.

२) गेल्या शतकात विश्वासाचा आधार व्यक्तीच्या नावाकडून तिऱ्हाइताच्या ठशाकडे आणि तेथून नोंदींच्या साखळीकडे सरकला. नवीन आधार आला तरी जुना निरुपयोगी झाला नाही. त्याचे वजन तेवढे बदलले.

३) कोणतीही एक चाचणी पुरेशी नाही. घनता, मिश्रण, कठिणता आणि आकार यांच्या साक्षी परस्परांना पूरक आहेत, आणि त्यांची एकवाक्यता हाच सबळ पुरावा.

तंत्रविद्येचा विद्यार्थी मोजमाप शिकतो, इतिहासाचा विद्यार्थी साक्षीपुराव्याचे तारतम्य शिकतो. पिस्टन हातात घेऊन 'हा खरा कशावरून?' असे विचारणाऱ्याला दोन्ही विद्या लागतात. महाविद्यालयात या दोन विभागांच्या इमारती शेजारी असतात. त्यांच्यातील वाट वापरात यावी, यासाठी असा एखादा पिस्टन दोन्ही वर्गांच्या टेबलावर ठेवण्यास हरकत नसावी.