नाईलचा कोरडा कांठ आणि तेरचें कापड

प्राचीन मिसर देशाचें नांव निघतांच आपल्या डोळ्यांपुढें पिरॅमिड उभे राहतात. गीझा येथील खुफूचा पिरॅमिड सुमारें ४,५०० वर्षांपूर्वींचा. त्याची मूळ उंची सुमारें १४६ मीटर. परंतु तो कोणीं रचिला, असें विचारतांच राजाचें नांव सांगून आपण मोकळे होतों. आमच्या मतें या संस्कृतीचा मोठा विशेष निराळाच आहे. राजांबरोबर तेथील पाथरवटाचा, कोष्ट्याचा आणि मजुराचाहि कागद हजारों वर्षें शिल्लक राहिला.

मिसरी समाजाची घडी नाईलच्या पुरानें बसविली होती. दर वर्षीं पूर ओसरला कीं जमिनीची मोजणी, मग पेरणी, मग धान्यरूपानें सारा, असा क्रम असे. नाणीं त्या देशांत फार उशिरां आलीं. तोंपर्यंत सरकारी कोठारांतील धान्य हीच मजुरी होती. मोजल्याशिवाय व लिहिल्याशिवाय असा कारभार चालत नाहीं. म्हणून लेखनिकाचा दर्जा तेथें मोठा होता. साक्षर मंडळी थोडीच होती. पण त्यांच्या लेखणीच्या टप्प्यांत सारा समाज येई. स्त्रियांस स्वतःची मालमत्ता बाळगतां येई व न्यायसभेंत उभें राहतां येई, हेंहि आपणांस अशाच दस्तऐवजांवरून कळतें.

थीब्झसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, देर-अल-मदीना नांवाचें एक खेडें आहे. राजांचीं थडगीं खोदणारे व रंगविणारे कारागीर तेथें राहत. तेथें खापरांवर आणि दगडाच्या कपच्यांवर लिहिलेले हजारों मजकूर सांपडले आहेत. दुसऱ्या रामसेसच्या काळची एक हजेरी त्यांत आहे. कोणाला विंचू चावला, कोणाची आई आजारी होती, कोणी घरीं मद्य गाळीत होता, अशीं गैरहजेरीचीं कारणें तींत नांवानिशीं लिहिलीं आहेत. पुढें तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षीं, म्हणजे इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, धान्याची मजुरी थकली, तेव्हां हे कारागीर काम टाकून देवळांपाशीं जाऊन बसले. भुकेनें व तहानेनें आम्ही येथें आलों, असें त्यांनीं अधिकाऱ्यांस सांगितलें. हा वृत्तान्त ज्या पपायरसावर आहे तो आज इटलींत तूरिन येथें आहे. संपाची इतकी जुनी तपशीलवार नोंद दुसरी ज्ञात नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, या सर्वांशीं नांदेड-लातूरच्या वाचकाचा संबंध काय? संबंध वाऱ्याचा आहे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्या काळ्या रानावर पाऊस आणतो, त्याच मोसमांतील पावसानें हबसाणाच्या डोंगरांतून नाईलला पूर येई. त्याच वाऱ्यावर मिसरच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजें आपल्या किनाऱ्याकडे निघत. फॅरोहांचें राज्य तोंवर संपलें होतें, इ. स. पूर्व ३० मध्यें मिसर रोमचा प्रांत झाला होता. अशा त्या मिसरमधील एका व्यापाऱ्यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत 'पेरिप्लस' हें सागरी व्यापाराचें ग्रीक टिपण लिहिलें. त्यांत तो सांगतो कीं, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर नांवाचें फार मोठें नगर आहे. तगरहून पुष्कळ जाडेंभरडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल बिकट वाटांनीं गाड्यांतून भडोचला उतरे.

तगर म्हणजे आजचें तेर. गोरोबाकाकांचें गांव म्हणून तें आपल्या ओळखीचें आहे. ज्या उस्मानाबाद जिल्ह्यांत तें होतें, त्यांतूनच १९८२ मध्यें लातूर जिल्हा निराळा झाला. तेरणेचें पाणी लातूरकडे वाहत जाऊन मांजरेस मिळतें, आणि मांजरा नांदेडच्या सीमेवर गोदावरीस मिळते. तेरला सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति तेथील लामतुरे संग्रहालयांत आहे. इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गडप झालेल्या पाँपेई नगरांत तशाच घडणीची मूर्ति मिळाली आहे. हस्तिदंत टिकला, पण ज्या कापडानें तेरची कीर्ति समुद्रापार नेली, त्याची चिंधीहि येथें उरली नाहीं. आपला पाऊस आणि आपली माती सूत टिकूं देत नाहींत. उलट तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदराच्या कोरड्या वाळूंत भारतीय सुती कापडाचे तुकडे निघाले आहेत. त्यांतला एखादा तेरचा असेलहि. सिद्ध करण्यास साधन नाहीं.

विणकरांचें नांवच आपल्याकडे लिहिलें गेलें नाहीं, असें मात्र नव्हे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेव ठेविल्याचें कोरलें आहे. त्यांपैकीं २,००० वर दरमहा शेंकडा १ आणि १,००० वर शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें होतें. राजाचा जांवई ज्यांच्या हातीं कायमची ठेव देतो, त्या कोष्ट्यांची पत केवढी असली पाहिजे! तरी त्या लेखांत नांव श्रेणीचें आहे, माणसाचें नाहीं. देर-अल-मदीनाच्या आजारी कारागिराला आपण नांवानें ओळखतों; तेरच्या विणकराला ओळखीत नाहीं.

हा फरक सर्वस्वीं हवामानाचा मानून स्वस्थ बसणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. नांदेडची उस्मानशाही गिरणी बंद पडली. तिच्या भोंग्यावर घड्याळें लावणारी पिढीहि विरळ होत चालली आहे. गिरण्यांचे हजेरीपट, गांवोगांवच्या कोष्ट्यांच्या वह्या, बाजार समित्यांचे जुने कापसाचे भाव, हीं आपलीं खापरें होत. १९९४ मध्यें स्थापन झालेलें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आपल्या जवळ आहे, महाविद्यालयें आहेत, आणि आजींआजोबांस प्रश्न विचारूं शकणारे विद्यार्थी आहेत. वाळूनें मिसरसाठीं जें काम फुकट केलें, तें आपल्याकडे माणसांनींच केलें पाहिजे. तगरची हकीकत आपणांस परक्या व्यापाऱ्याच्या टिपणांतून वाचावी लागते. नांदेड-लातूरच्या कष्टकऱ्यांची हकीकत तरी पुढच्या पिढ्यांस आपल्याच अक्षरांत वाचावयास मिळावी.